पाटी, प्रोजेक्ट आणि आपली मुलं

यंदाच्या वार्षिक सभेत जेवणाच्या मेनूपेक्षाही जास्त वेळ दुसऱ्या एका विषयावर चर्चा झाली, ही मंडळाच्या दप्तरी नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. विषय होता रविवारच्या मराठी वर्गाचा. एका बाजूचं म्हणणं असं, की वर्गात नुसती गाणी आणि खेळ चालतात, दोन वर्षं झाली तरी मुलाला स्वतःचं नाव देवनागरीत लिहिता येत नाही. तेव्हा बाराखडी घ्या, शुद्धलेखन घ्या, वर्षाअखेर परीक्षा घ्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आपण एवढ्या लांब आलो ते काय मुलांना पुन्हा छडीखाली बसवायला? इथल्या शाळेत मुलं कशी हसत हसत जातात ते बघा, आपला वर्गही तसाच हवा. निर्णय काहीच झाला नाही आणि बटाटेवडे मात्र गार झाले.

हा वर्ग घेणाऱ्या चौघींपैकी मी एक. इकडे येण्याआधी चार वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत प्राथमिकला शिकवत होते, आणि इकडे आल्यावर माझी दोन्ही मुलं इथल्या पब्लिक स्कूलमधून गेली. त्यामुळे दोन्ही बाजूंची मंडळी मला आपापल्या पक्षातली समजतात. सभेत बोलायला पाच मिनिटं मिळाली होती, त्यात हे मावण्यासारखं नव्हतं. म्हणून संपादकांकडे दोन पानं मागून घेतली.

सभेत बोलणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक सरळ हिशेब होता. पाठांतर, छडी, परीक्षा म्हणजे भारत. खेळ, प्रोजेक्ट आणि 'तुला काय वाटतं?' म्हणजे अमेरिका. मग ज्याला गावाकडची शाळा आठवून गहिवरून येतं तो एका बाजूला, आणि ज्याला तीच शाळा आठवून अंगावर काटा येतो तो दुसऱ्या. पण हा हिशेब इतिहासाला धरून नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या मुलांची शाळा चालवत होता. शिक्षक कमी, मुलं जास्त. जवळच्या गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्याकडे धूळपाटी म्हणत तोच प्रकार. मग त्यानं वाळू आणली आणि मोठ्या मुलांना धाकट्यांना शिकवायला बसवलं. १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या 'मद्रास पद्धती'वर आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या लँकेस्टरच्या पद्धतीवर इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळा उभ्या राहिल्या. लँकेस्टरची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मोफत शाळांतही आली. एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो मुलं रांगेनं बसून एका सुरात म्हणतायत, असं ते चित्र. म्हणजे घोकंपट्टीचा कारखाना आपल्याकडे साहेबानं आणला म्हणावं, तर त्यातलं थोडं सामान साहेबानं आपल्याच ओसरीवरून नेलं होतं.

आता दुसरी बाजू. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथेही अक्षरं बोटानंच गिरवायची, फक्त वाळूच्या जागी सँडपेपरची. १९३९ साली त्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि बाई शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. ब्रिटिशांनी त्यांना अडकवून ठेवलं. १९४६ पर्यंत त्या भारतातच होत्या आणि तेवढ्या काळात त्यांनी आपल्याकडच्या शेकडो शिक्षकांना तयार केलं. पण त्यांच्याही आधी भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी ते काम सुरू केलं होतं. ताराबाईंनी पुढे १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, अनुताई वाघांना सोबत घेऊन काय केलं? इटलीतलं महागडं लाकडी साहित्य आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलं गुरं राखायला जातात, तर कुरणातच शाळा भरवली. आपल्याला 'इथली' वाटणारी बालककेंद्री शाळा वारली मुलांसाठी डहाणूच्या डोंगरात चालू होती, आणि आपल्यापैकी बरेच जण तेव्हा पुण्या-मुंबईत बाकावर उभे होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. माँटेसरी म्हणजे 'मुलांना वाटेल ते करू देणं' असं आपल्यापैकी निम्म्या लोकांना वाटतं. तसं मुळीच नाही. प्रत्येक साहित्याची मांडणी ठरलेली, क्रम ठरलेला, ते कसं हाताळायचं ते बाई आधी करून दाखवणार. मुलानं निवडायचं ते एवढंच, की आज कोणतं काम आणि किती वेळ. आमच्या डोंबिवलीच्या मुख्याध्यापिकांपेक्षा खरी माँटेसरी बाई शिस्तीला कडक असेल, फक्त आवाज न चढवता.

अमेरिकेची म्हणून जी पद्धत आपण ओळखतो ती जॉन ड्यूई यांची. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळाच काढली, पण मुलांची. तिथे मुलं स्वयंपाक करायची, सुतारकाम करायची, सूत कातायची. कापसाचं बोंड आणि मेंढीची लोकर हातात घेऊन सरकी काढायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि त्यातून लोकर आधी का वापरात आली, कापूस मागाहून का आला, इथपर्यंत इतिहास आणि भूगोल जायचा. कल्पना फार सुंदर आहे. पण दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, तिथे मुलं थोडी आणि शिकवणारे भरपूर होते, आणि पुष्कळशी मुलं प्राध्यापकांच्या घरातली होती. दुसरी, १९३८ साली म्हातारपणी ड्यूईंनी आपल्याच अनुयायांचे कान पिळले. जुन्या शाळेच्या उलट करणं म्हणजे नवी शाळा नव्हे, विषयांची नीट मांडणी हवीच, असं त्यांनी 'एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन' या छोट्या पुस्तकात बजावलं. त्याच वर्षी विल्यम बॅगले आणि त्यांची मंडळी 'अमेरिकेच्या शाळांत मूलभूत विषय ढिले पडले आहेत' म्हणून एकत्र आली होती. म्हणजे आपल्या सभेतला वाद तेव्हापासून तरी चालू आहे, आणि त्यांचाही निर्णय अजून व्हायचा आहे.

हा सगळा इतिहास उगाळण्याचं कारण एवढंच, की कोणती पद्धत 'आपली' आणि कोणती 'त्यांची' हे आधी बाजूला ठेवता आलं, तर कोणती पद्धत कशासाठी आणि कुणासाठी, हे बघता येईल. 'कुणासाठी' हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडला होता. सरकारचा पैसा वरच्या थरातल्या मूठभरांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि शेतकऱ्याचं पोर कोरडंच राहतं, असं सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, आणि त्यात मोडी, बाळबोध, हिशेब, थोडी शेतकी, आरोग्य असा अगदी रोखठोक अभ्यासक्रम मागितला.

'कुणासाठी' हे इथे का महत्त्वाचं आहे ते सांगते. आपल्या मंडळातली बहुसंख्य घरं इंजिनिअर, डॉक्टर, कॉम्प्युटरवाल्यांची. मूल शाळेतून घरी येतं, आई नाहीतर बाबा दप्तर उघडून बघतात. 'अरे, भागाकार अजून कसा येत नाही?' म्हणून रात्री जेवणाच्या टेबलावरच भागाकार शिकवला जातो. शनिवारी कुठला तरी वर्कशीटचा क्लास असतो. उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, ते पाढे घेतात. आणि वर्षाअखेर मुलाला चांगले मार्क मिळाले की आपण म्हणतो, बघा, इथल्या शाळेत कसं हसत-खेळत शिकवतात! हे म्हणजे जावयानं सासऱ्याच्या पैशांनी दुकान काढून धंद्याच्या नव्या तंत्रावर भाषण देण्यासारखं झालं. आपल्या घरात एक बिनपगारी शिक्षक रोज संध्याकाळी कामावर असतो. तो असला की कोणतीही पद्धत यशस्वी दिसते.

जिथे तो नसतो तिथे काय होतं? आपल्या वर्गात तीन वर्षांपूर्वी इकडे आलेल्या एका कुटुंबातला मुलगा येतो. वडील रात्रपाळीत गाडी चालवतात, आई ग्रोसरी दुकानात उभी असते. दोघंही कष्टाळू, पण मुलाच्या दप्तरात बघायला वेळ कुठला? मुलगा चौथीत. त्याचं शाळेतलं इंग्रजी पुस्तक मी सहज वाचायला दिलं. चित्रात घोडा होता, खाली 'पोनी' छापलं होतं. मुलगा ठणठणीत आवाजात म्हणाला, 'हॉर्स'. पुढच्या पानावर चित्र नव्हतं, तिथे तो गप्प बसला. त्याला शाळेत असंच शिकवलं होतं: शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय शोभेल ते म्हण. हा मुलगा बुद्धीनं कमी नाही, बुद्धिबळात आमच्या ह्यांना हरवतो. त्याला अक्षरांचे आवाज कुणी ओळीनं शिकवलेच नव्हते.

हा एका शाळेचा दोष नाही. या देशात वाचन कसं शिकवावं यावर पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ साली 'व्हाय जॉनी कान्ट रीड' लिहिलं तेव्हा भांडण होतं ते अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करून घ्यायचा की अक्षरांचे आवाज शिकवायचे, यावर. १९८७ साली कॅलिफोर्नियानं 'होल लँग्वेज' नावाची पद्धत उचलून धरली. चांगल्या गोष्टी वाचून दाखवा, पुस्तकांत बुडवून टाका, मूल बोलायला शिकतं तसंच वाचायला आपोआप शिकेल, असा त्यामागचा विचार. १९९४ च्या राष्ट्रीय चाचणीत कॅलिफोर्नियाची चौथीतली मुलं राज्यांच्या यादीत जवळजवळ तळाला निघाली. वर्गातली गर्दी आणि शाळांच्या पैशांना लागलेली कात्री हीही कारणं होती असं म्हणणारे होते, आणि त्यात तथ्य आहे. पण राज्यानं धोरण मात्र फिरवलं. २००० साली राष्ट्रीय वाचन समितीनं सगळा अभ्यास चाळून सांगितलं, की अक्षरांचे आवाज पद्धतशीर शिकवल्याचा फायदा होतो. तरीही पुष्कळ शाळांत चित्र बघून अंदाज करणं चालूच राहिलं. मिसिसिपी हे गरीब राज्य, कायम शेवटच्या बाकावरचं. २०१३ साली त्यांनी कायदा करून शिक्षकांना या पद्धतीचं शिक्षण दिलं, तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलाला वर न ढकलण्याचं ठरवलं, आणि २०१९ साली त्यांची चौथीतली मुलं देशाच्या सरासरीला येऊन पोचली.

बोलायला मूल आपोआप शिकतं, हे खरं. वाचायला नाही शिकत. लिपी ही माणसानं केलेली युक्ती आहे, आणि युक्ती कुणीतरी सांगावीच लागते. ज्याच्या घरी आई मांडीवर घेऊन रोज पुस्तक वाचते आणि शब्दाखालून बोट फिरवते, त्याला ती कळत-नकळत सांगितली जाते. ज्याच्या घरी हे होत नाही, त्याच्यासाठी शाळेनंच ती सांगायची असते. तिथे 'मुलाला स्वतः शोधू दे' हे ऐकायला गोड असलं तरी गरिबाच्या मुलाला महाग पडतं.

एवढं वाचून परीक्षावाल्या मंडळींनी लगेच टाळ्या पिटू नयेत. सरकारनं १९६८ पासून 'फॉलो थ्रू' नावाचा एक प्रचंड प्रयोग केला. गरीब वस्त्यांतल्या शाळांना वेगवेगळ्या पद्धती वाटून दिल्या आणि १९७७ साली हिशेब मांडला. त्यात झिगफ्रीड एंगेलमन यांची पद्धत पुढे आली. शिक्षकाच्या हातात शब्दन्‌शब्द लिहिलेला पाठ, खूण केली की सगळ्या मुलांनी एकदम उत्तर द्यायचं, चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती. या पद्धतीतली मुलं वाचन-गणितात तर पुढे होतीच, पण 'मुलांचा आत्मविश्वास चिरडला जाईल' ही भीतीही खरी ठरली नाही. येतंय म्हटल्यावर आत्मविश्वास वाढतोच. पण टीकाकारांनी त्याच आकड्यांवर बोट ठेवून आणखी एक गोष्ट दाखवली: एकच पद्धत एका गावात उत्तम चालली, दुसऱ्या गावात पार आपटली. पद्धती-पद्धतींतल्या फरकापेक्षा गावागावांतला फरक मोठा होता. याचा अर्थ मी असा लावते, की समोर उभी असलेली बाई कोण, तिला ती पद्धत मनापासून समजली आहे का, याला पर्याय नाही. मला शिक्षिका म्हणून हे वाचून बरं वाटलं हे कबूल, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

आणि गणिताचं तर आणखी गंमतशीर आहे. आपल्याला वाटतं जपान म्हणजे घोकंपट्टी आणि अमेरिका म्हणजे विचारशक्ती. १९९० च्या दशकात आठवीच्या गणिताच्या वर्गांचं अमेरिका, जर्मनी आणि जपानमध्ये व्हिडिओ चित्रण झालं. त्यावरचं स्टिग्लर आणि हीबर्ट यांचं 'द टीचिंग गॅप' हे पुस्तक १९९९ साली आलं. त्यात दिसलं ते उलटंच. अमेरिकन मास्तर रीत सांगतात आणि मुलं तशीच वीस गणितं सोडवतात. जपानी मास्तर एकच अवघड गणित फळ्यावर लिहून बाजूला होतात, मुलं झुंजतात, मग वेगवेगळी उत्तरं फळ्यावर येतात, आणि शेवटी मास्तर सगळं एकत्र बांधून देतात. जपानची कुमॉन पद्धत, जी एका वडिलांनी १९५४ साली आपल्या मुलासाठी रोजच्या गणितांचे कागद लिहून सुरू केली, ती तिथेही शाळेच्या वर्गाबाहेरच असते. आपण मात्र तोच जपानी वर्ग समजून बसलो. आणि सध्या ज्याचं कौतुक चाललंय ते सिंगापूरचं गणित, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडा, ही मूळ कल्पना अमेरिकेच्या जेरोम ब्रूनर यांची. इथून गेली, तिथे मुरली, आणि सिंगापूरचं लेबल लावून परत आली.

पाढ्यांबद्दल सभेत विशेष तावातावानं बोललं गेलं म्हणून दोन शब्द. पाढे पाठ हवेत, बारापर्यंत तरी पक्के. सात आठे किती हे बोटावर मोजणाऱ्या मुलाचं डोकं त्या मोजण्यातच गुंतून पडतं आणि अपूर्णांकाचा धागा सुटतो. एका वेळी मनात फार थोडं धरता येतं, हे मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात आणि फोडणी टाकताना फोन आला की आपल्यालाही कळतं. पण एकोणतीसचा पाढा हवाच, असं मी म्हणणार नाही. तो आयुष्यात फक्त पाहुण्यांपुढे म्हणून दाखवण्याच्याच उपयोगी पडतो. आजोबांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असायची. ती निव्वळ हौस नव्हती. सोळा आण्यांचा रुपया, शेर-पावशेराची मापं, सव्वा रुपये भावानं अडीच शेर घेतलं तर किती झाले, हे दुकानात उभ्या उभ्या सांगायचं होतं. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची रोजची गरज गेली. म्हणजे जी घोकंपट्टी आज आपल्याला निरर्थक वाटते, ती एके काळी बाजाराशी अगदी घट्ट जोडलेली होती. ड्यूईंना दिडकी आवडली असती.

आता आपल्या रविवारच्या वर्गाकडे येऊ. वर्ग आठवड्यातून दीड तास, त्यातला पाव तास जोडे काढण्यात आणि पाव तास खाऊत जातो. उरलेल्या वेळाचं काय करायचं? माझं मत असं, की लिपी आणि भाषा ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या पद्धतींनी करावीत.

लिपीच्या बाबतीत मी पहिल्या पक्षाच्या बाजूची आहे. देवनागरी ही इंग्रजीच्या मानानं फार प्रामाणिक लिपी. च आणि ज चे दोन-दोन उच्चार आणि र्‍हस्व-दीर्घाची कटकट सोडली, तर दिसेल ते वाचायचं. ती खेळता खेळता कधीतरी येईल म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. ओळीनं, ठामपणे, दर रविवारी थोडी थोडी शिकवावी आणि वर्षभरात हातावेगळी करावी. पण 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' या वाटेनं नव्हे. इथल्या मुलानं कमळ पाहिलेलं नसतं, आणि खटारा तर मीसुद्धा फक्त अंकलिपीतच पाहिला. आपल्याच जुन्या शिक्षकांनी सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेण्याची 'ग म भ न' ही युक्ती काढली होती, ती घ्यावी. चार अक्षरं आली की त्याच दिवशी मन, नभ, मग, गगन, नमन वाचता येतं. पुढच्या रविवारी एक काना दिला की मामा, नाना, नाग, मान. ज्या दिवशी मूल 'मामा' स्वतः वाचतं, त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही स्टिकरनं येत नाही. परीक्षा नको. दर रविवारी प्रत्येक मुलानं एक मिनिट मोठ्यानं वाचून दाखवावं, तेवढ्यात कुणाचं काय अडलंय ते बाईंना कळतं.

भाषेच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्या पक्षात जाते. 'माझा आई', 'तो गाडी आला' असं बोलणाऱ्या मुलाला लिंगाचा तक्ता देऊन काही होत नाही. खुर्ची ती का, टेबल ते का आणि पंखा तो का, याचं कारण आपल्यापैकी कुणाला सांगता येतं? ते हजार वेळा कानावर पडूनच बसतं. त्यासाठी बोलण्याचं निमित्त हवं. थालीपीठ लावायला घ्या, 'ते पीठ, ती परात, तो तवा' आपोआप होईल. गणपतीचं मखर मुलांना मराठीतून भांडत भांडत करू द्या. आणि हे लिपीला मदतच करतं: ज्याला 'नमन' हा शब्द कानानं ठाऊक नाही, तो न, म, न अशी तीन अक्षरं सुटी सुटी पूर्ण वाचतो, त्याला शब्द सापडतच नाही.

आकड्यांचा प्रश्न तेवढा नाजूक आहे. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्याबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी नावं आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती: 'त्र्याण्णव' ऐकल्यावर तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र नंतर, शिवाय जोडाक्षर. तेव्हा टिंगल करणाऱ्यांनी आपल्या वर्गात येऊन 'एकोणसाठ' हा आकडा दहा मुलांकडून लिहून घ्यावा. किमान सहा जण एकसष्ट नाहीतर एकोणसत्तर लिहितील. आपण आधी 'पन्नास नऊ' म्हणू द्यावं, समजलं की 'एकोणसाठ' शिकवावं. जुनं नाव सोडायचं नाही, कारण फोनवर आजी 'पन्नास नऊ' म्हणणार नाही.

सोमवारच्या शाळेसाठीही एक सुचवते. पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला गेल्यावर 'तुमची पद्धत कोणती?' असं विचारू नका, त्याचं उत्तर छापील माहितीपत्रकात असतं. नेमकं विचारा. अडलेला शब्द मुलानं कसा सोडवायचा असं तुम्ही शिकवता? गुणाकार कोणत्या महिन्यापर्यंत तोंडी यायला हवा? मागे पडलेल्या मुलाबरोबर कोण बसतं, आठवड्यातून किती वेळा? शाळेनं टॅबलेट दिला असेल, तर त्यातली नाणी आणि तारे मिळवून देणारे खेळ कशासाठी, तेही विचारा. बटण दाबलं की बक्षीस, हे स्किनर यांचं शिकवण्याचं यंत्र १९५० च्या दशकातलंच आहे, फक्त रंगीत झालंय. आपलं मूल पुढे असलं तरीही हे प्रश्न विचारा. ज्यांच्या आई-वडिलांना दुपारी तीनच्या मीटिंगला सुट्टी मिळत नाही, त्यांची मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात.

त्या चौथीतल्या मुलाबरोबर मी आणि आणखी एक बाई सध्या दर बुधवारी संध्याकाळी लायब्ररीत पाऊण तास बसतो, इंग्रजी अक्षरांच्या आवाजांपासून सुरुवात करून. आता आणखी तीन मुलांची नावं आली आहेत, त्यातली दोन मराठी घरांतली नाहीत. दोन माणसं कमी पडतायत. येणाऱ्याला शिकवण्याचा अनुभव लागत नाही, वेळेवर येण्याची सवय लागते. येणार असाल तर रविवारी वर्गानंतर भेटा. घरी मुलांची जुनी, सोप्या शब्दांची इंग्रजी पुस्तकं पडून असतील तर तीही आणा. शक्यतो फार चित्रं नसलेली.